आयपीसपुढची रांग: सार्वजनिक आकाशदर्शनाची पार्श्वभूमी

आकाशदर्शनाचा कार्यक्रम आखताना सगळं गणित एका गोष्टीपाशी अडतं. दुर्बिणीतून एका वेळी एकच डोळा पाहू शकतो. आयपीसपाशी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापाशी, नीट पाहायला एका माणसाला ३० सेकंद तरी लागतात, आणि पुढचा येऊन डोळा लावेपर्यंत आणखी १५. म्हणजे तासाला जेमतेम ८० माणसं. दुर्बीण एक आणि लोक २०० असले तर शेवटच्याची पाळी अडीच तासांनी येते. तोवर ग्रह क्षितिजाकडे कललेला असतो आणि लहान मुलं पेंगायला लागलेली असतात. व्याख्यान, तारांगण, फुटपाथवर मांडलेली दुर्बीण, कॅमेरा आणि पडदा हे सगळे या ना त्या प्रकारे त्याच अडचणीवर शोधलेले उपाय आहेत. त्यांचा इतिहास दुर्बिणीइतकाच जुना आहे.

ऑगस्ट १६०९मध्ये गॅलिलिओने व्हेनिसच्या सिनेटमधल्या मंडळींना सेंट मार्कच्या मनोऱ्यावर नेलं आणि दूरची जहाजं, लांबच्या गावांतली चर्च दाखवली. ती सगळ्यांना दिसली, कारण काय दिसायला हवं हे प्रत्येकाला आधीच ठाऊक होतं. आकाशाचं तसं नव्हतं. एप्रिल १६१०मध्ये बोलोन्यात माजिनी या गणितज्ञाच्या घरी वीसहून जास्त विद्वान गुरूचे उपग्रह पाहायला जमले. गॅलिलिओ स्वतः हजर होता, तरीही त्यांची खात्री पटली नाही. माजिनीकडे काम करणाऱ्या मार्टिन होर्कीने खगोलशास्त्रज्ञ केप्लरला पत्र लिहून कळवलं की ही दुर्बीण जमिनीवर झकास चालते, आकाशात मात्र फसवते.

यात होर्कीचा आकस होताच, पण उपकरणाचाही दोष होता. गॅलिलिओच्या दुर्बिणीला पुढे बहिर्गोल आणि डोळ्याकडे अंतर्गोल भिंग असे. या रचनेत भिंगामागे डोळा टेकवायला ठरावीक जागा तयार होत नाही, त्यामुळे डोळा जरा हलला की आकाशाचा दिसणारा तुकडाही बदलतो. त्यात २० पट वर्धनाला दृश्यक्षेत्र जेमतेम १५ कलांचं (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीच्या निम्मं. हात थोडा थरथरला तरी गुरू बाहेर. ज्याने रात्रीमागून रात्री सराव केला त्याला चार ठिपके स्पष्ट दिसत होते, पहिल्यांदा डोळा लावणाऱ्याला कदाचित फक्त थरथरणारी चमक. केप्लरने १६११मध्ये दोन्ही भिंगं बहिर्गोल असलेली रचना मांडली. तिच्यात प्रतिमा उलटी दिसते, पण क्षेत्र मोठं मिळतं आणि डोळा ठेवायला भिंगामागे नेमकी जागा असते. आजचे सगळे आयपीस त्याच रचनेच्या वंशातले. तरी ही अडचण पुरती गेलेली नाही. कमी नाभीय अंतराच्या, म्हणजे जास्त वर्धन देणाऱ्या, आयपीसला डोळा अगदी चिकटवावा लागतो आणि चष्मा लावणाऱ्यांना काळं वर्तुळ तेवढं दिसतं. म्हणून लोकांसाठी २५ ते ३२ मिलिमीटरचा, डोळा १५-२० मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण क्षेत्र दाखवणारा आयपीस लावावा. वर्धन कमी पडलं तर पडू द्यावं.

बोलोन्याच्या फजितीवरचा उतारा केप्लरनेच प्रागमध्ये शोधला. कलोनच्या इलेक्टरकडून, म्हणजे तिथल्या सत्ताधीशाकडून, मागून आणलेल्या, गॅलिलिओनेच बनवलेल्या दुर्बिणीतून त्याने १६१०च्या ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत गुरू पाहिला. सोबत साक्षीदार होते. प्रत्येकाने दुर्बिणीत पाहायचं, दुसऱ्याला न दाखवता पाटीवर खडूने काढायचं आणि मग सगळी चित्रं शेजारी ठेवून ताडून बघायची, असा त्याचा नियम होता. लोकांना आकाश दाखवण्याची याहून चांगली पद्धत आजवर निघालेली नाही. आयपीसला डोळा लावलेल्याला “चार उपग्रह दिसले ना?” असं विचारलं की तो भिडेखातर “हो” म्हणतो. बऱ्याचदा त्याने स्वतःच्या पापण्यांची सावली पाहिलेली असते. “किती ठिपके दिसतात? कोणत्या बाजूला किती?” असं विचारलं की खरं काय ते कळतं. मात्र आपली दुर्बीण काय उलटवते हे दाखवणाऱ्याला पाठ हवं. न्यूटनी परावर्तकात, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत, प्रतिमा १८० अंशांत फिरलेली असते. प्रकाश काटकोनात वळवणारा एका आरशाचा डायगोनल लावलेल्या अपवर्तकात, म्हणजे भिंगाच्या दुर्बिणीत, ती सुलट, पण डावं-उजवं बदललेली असते. शेजारशेजारच्या दोन दुर्बिणींतून बघून माणसं वेगवेगळी उत्तरं देतात आणि दोघंही बरोबर असतात.

१४ एप्रिल १६११ रोजी रोममध्ये गॅलिलिओच्या मानार्थ मेजवानी झाली. अंधार पडण्याआधी पाहुण्यांना दूरच्या लॅटरन प्रासादावरचा कोरीव लेख दुर्बिणीतून वाचायला दिला आणि गुरू त्यानंतर दाखवला. आधी ओळखीची, स्थिर, उजेडातली वस्तू आणि मग आकाश हा क्रम आजही उपयोगी पडतो. सूर्य मावळता मावळता दूरच्या मनोऱ्यावर दुर्बीण लावून ठेवली की लोक डोळा कुठे आणि कसा ठेवायचा ते शिकतात. फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, मुख्य दुर्बिणीशी जुळवायचं कामही त्याच उजेडात उरकतं. ते अंधारात करायला घेतलं की रांग खोळंबलीच.

एकाच वेळी अनेकांना दाखवण्याची पहिली युक्ती मात्र सूर्याच्या निमित्ताने निघाली. गॅलिलिओचा शिष्य बेनेडेट्टो कास्तेल्ली याने दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडायची पद्धत बसवली. दहा-बारा जणांनी कागदाभोवती उभं राहून तेच डाग एकत्र पाहायचे आणि पेन्सिलने गिरवायचे. ती अजून चालते, पण लहान अपवर्तकावरच आणि दुर्बिणीचं तोंड ५०-६० मिलिमीटरच उघडं राहील असं झाकून. श्मिट-कॅसग्रेन या आरसे आणि भिंग दोन्ही असलेल्या आखूड दुर्बिणीमध्ये आतले भाग तापून वितळतात, आणि चिकटवलेल्या भिंगांचा आयपीस उष्णतेने खराब होतो. थेट पाहायचं असेल तर सूर्यप्रकाश अडवणारी गाळणी नळीच्या पुढच्या तोंडावर, वाऱ्याने किंवा एखाद्या मुलाच्या हाताने निघणार नाही अशी घट्ट बसवलेली हवी. पूर्वी स्वस्त दुर्बिणींसोबत आयपीसवर बसवायची गडद काच मिळायची. ती नाभीपाशी, म्हणजे सूर्यप्रकाश एकवटतो तिथे, येते, तापून तडकते आणि डोळा तिथेच असतो. अशी काच सापडली तर फोडून टाकावी, कपाटातसुद्धा ठेवू नये. फाइंडरवर झाकण घालायलाही विसरू नये, कारण त्यातून झुकून पाहण्याचा मोह कोणाला ना कोणाला होतोच.

एकोणिसाव्या शतकात रांगेच्या प्रश्नाला व्याख्यान हे उत्तर मिळालं. पॅरिसच्या वेधशाळेत फ्रान्स्वा अरागो १८१३ ते १८४६ सामान्य लोकांसाठी खगोलशास्त्र शिकवत असे. श्रोत्यांत सर्वांत मंद दिसणारा चेहरा हेरायचा आणि त्यावर उजेड पडेपर्यंत समजावत राहायचं अशी त्याची रीत सांगतात. अमेरिकेत सिनसिनाटीमध्ये ऑर्म्सबी मिचेलने १८४२मध्ये व्याख्यानं देऊन गावाला इतकं वेड लावलं की २५ डॉलरचा एक असे ३०० भाग विकून त्याने मोठ्या दुर्बिणीसाठी पैसे उभे केले. नोव्हेंबर १८४३मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांच्या हस्ते वेधशाळेची कोनशिला बसली, आणि म्युनिकहून आलेली ११ इंची दुर्बीण १८४५मध्ये कामाला लागली. पण भाग घेतलेल्या प्रत्येकाला त्यातून पाहायचा हक्क होता! मिचेलच्या संध्याकाळी लोकांना दाखवण्यात जाऊ लागल्या आणि स्वतःच्या निरीक्षणांना वेळ उरेना. संशोधनाची दुर्बीण लोकांसाठीही खुली ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे हा पेच पुढे आला. त्याच काळात लंडनच्या रस्त्यांवर एक पेनी घेऊन चंद्र दाखवणारे दुर्बीणवालेही होते. त्यांच्यापुढे असा पेच नव्हता, त्यांची दुर्बीण त्याच कामासाठी होती.

पेचातून दोन वाटा निघाल्या. कॅलिफोर्नियात माउंट हॅमिल्टनवर १८८८मध्ये सुरू झालेल्या लिक वेधशाळेत ३६ इंची अपवर्तक होता, त्या वेळी जगातला सर्वांत मोठा. तिथे शनिवारची रात्र लोकांसाठी राखली आणि बाकीच्या रात्री संशोधनाला मोकळ्या राहिल्या. बर्लिनमध्ये विल्हेल्म फोर्स्टर आणि मॅक्स विल्हेल्म मायर यांनी त्याच साली ‘उरानिया’ संस्था काढली. लोकांसाठीच बांधलेल्या या वेधशाळेची इमारत १८८९मध्ये उघडली. तिथे दुर्बिणींच्या जोडीला रंगवलेले पडदे आणि दिव्यांचे परिणाम वापरून विज्ञान सांगणारं नाट्यगृह होतं. यात फार व्यवहारी शहाणपण होतं. आभाळ भरून आलं तरी आलेला माणूस हात हलवत परत जात नसे. तयारीतलं व्याख्यान हाताशी नसलेला कार्यक्रम ढग आले की कोसळतो, हे आजही तितकंच खरं आहे. बोलणं ३० ते ४० मिनिटांचं असावं, संधिप्रकाशात सुरू होऊन अंधार पडता पडता संपावं, आणि ढग आलेच तर आणखी अर्धा तास पुरेल एवढा मजकूर बाजूला असावा. व्याख्यानाचा उजळ पडदा पाहून आलेले डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं घेतात. म्हणून लगेच तेजोमेघ दाखवायला जाऊ नये. आधी चंद्र आणि ग्रह, तारकागुच्छ नंतर.

संपूर्ण आकाश एकदम शेकडो लोकांना दाखवायचं यंत्र कार्ल झाइस कंपनीच्या वाल्टर बावर्सफेल्डने घडवलं. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये २१ ऑक्टोबर १९२३ रोजी त्याचं प्रात्यक्षिक झालं. घुमटाच्या आतल्या बाजूवर सुमारे ४५०० तारे उमटत. रांग संपली, पण खऱ्या शनीचा प्रकाश स्वतःच्या डोळ्यात घेण्याची जागा तारांगण घेऊ शकत नाही. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेने १९३५मध्ये दोन्ही एका छपराखाली आणलं. तिथल्या १२ इंची झाइस दुर्बिणीतून आजवर ७० लाखांहून अधिक लोकांनी आकाश पाहिलं आहे, तेही फुकट.

या सगळ्यात लोकांनी दुर्बिणीकडे जायचं असे. जॉन डॉब्सनने ते उलटं केलं. सॅन फ्रान्सिस्को आणि नंतर सॅक्रामेंटो इथल्या वेदान्त केंद्रांत तो १९४४ ते १९६७ संन्यासी म्हणून राहिला. तिथे जहाजांच्या खिडक्यांची टाकाऊ जाड काच घासून आरसे करायचा. १९६८मध्ये त्याने इतरांबरोबर ‘साइडवॉक अॅस्ट्रॉनॉमर्स’ सुरू केले. फुटपाथवर दुर्बीण लावायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलवायचं. त्याची नळी बांधकामातल्या कॉंक्रीट ओतायच्या पुठ्ठ्याची आणि खोका प्लायवूडचा असे. खोका टेफ्लॉनच्या छोट्या तुकड्यांवर फिरे. टेफ्लॉन निवडण्याला कारण आहे: थांबलेली वस्तू हलवायला लागणारा जोर आणि हलती ठेवायला लागणारा जोर त्यात जवळपास सारखाच असतो. त्यामुळे नळी बोटाने ढकलली की झटका न खाता सरकते आणि सोडली तिथे थांबते. मोटर नाही, वजनं नाहीत, ध्रुवाशी जुळवणं नाही. मोठा आरसा स्वस्तात रस्त्यावर आला, आणि चंद्र-शनी-गुरूला शहराच्या उजेडाचा त्रास होत नाही.

मोटर नसल्याची किंमत मोजावी लागतेच. आकाश मिनिटाला १५ कला सरकतं. १०० पट वर्धनाला अर्ध्या अंशाचं क्षेत्र असेल तर ग्रह एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोन मिनिटांत जातो, २०० पटीला एका मिनिटात. म्हणून दाखवणाऱ्याने दर दोन माणसांमागे एकदा स्वतः पाहून ग्रह येतो त्या कडेजवळ आणून ठेवायचा, मध्यावर नाही. लोक आयपीस धरून उभे राहतात आणि नळी हलते. त्यांना धरायला शिडीची किंवा स्टुलाची कड द्यावी. लहान मुलांसाठी तर ती लागतेच. आठ-दहा इंची आरसा पाऊण ते एक तास आधी बाहेर काढून ठेवावा, नाहीतर तापलेल्या काचेवरची हवा शनीची कडी पुसून टाकते आणि लोकांना दुर्बीणच वाईट वाटते.

लोकांची अपेक्षा सांभाळणं हे यंत्र सांभाळण्याइतकंच अवघड असतं. १९८६मध्ये हॅलेचा धूमकेतू ९ फेब्रुवारीला सूर्याच्या सर्वांत जवळ आला तेव्हा तो पृथ्वीवरून सूर्याच्या पलीकडे होता. पोस्टरवरचं शेपूट मनात घेऊन दुर्बिणीशी आलेल्या लोकांना धुरकट डाग दिसला. २७ ऑगस्ट २००३ला मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला. ७५ पट वर्धनात तो नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा भासेल, हे विधान बरोबर होतं. मंगळबिंब २५ विकलांचं (६० विकलांची एक कला), त्याला ७५ने गुणलं की ३१ कला. फिरता फिरता त्यातलं वर्धन गळालं आणि ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ ही अफवा पुढे कित्येक ऑगस्टमध्ये परत येत राहिली. त्यामुळे रांगेतल्या माणसाला काय दिसेल ते आधीच सांगावं: शनी लहान पण रेखीव दिसेल, दीर्घिका राखाडी धुरासारखी.

२००९ हे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष. त्यातला ‘खगोलशास्त्राचे १०० तास’ हा जगभरचा कार्यक्रम २ ते ५ एप्रिलला ठेवला होता. २ तारखेला चंद्र बरोबर अर्धा होता. शुद्ध सप्तमी ते दशमीचा चंद्र संध्याकाळी उंच असतो आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला सावल्याच नसतात, चंद्र सपाट दिसतो आणि डोळे दिपतात. तरी हौसेने पौर्णिमा निवडणारे आयोजक अजून आहेत. मात्र त्या वर्षी शनीची कडी जवळजवळ रेषेसारखी झाली होती, २०२५मध्येही तसंच झालं. अशा साली शनीला पाहुण्यांचं मुख्य आकर्षण करू नये.

२१ डिसेंबर २०२०ला गुरू आणि शनी अवघ्या ६ कलांवर आले, एकाच आयपीसमध्ये मावतील इतके. पण साथीच्या दिवसांत डोळ्यामागून डोळा एका आयपीसला लावणं धोक्याचं होतं. बऱ्याच ठिकाणी दुर्बिणीला कॅमेरा जोडून दृश्य इंटरनेटवरून दाखवलं गेलं. तेव्हापासून पडदा आकाशदर्शनात मुरला आहे. आता काही सेकंदांची छायाचित्रं एकावर एक रचून मृगातल्या तेजोमेघाचा गुलाबी रंग शहरातही दाखवता येतो. आयपीसमध्ये तो रंग दिसणार नाही, मंद प्रकाशात डोळा रंग ओळखत नाही, हे पडद्यापाशीच सांगावं लागतं. पडदा दुर्बिणींपासून १५-२० मीटर दूर, त्यांच्याकडे पाठ करून आणि रांगेच्या सुरुवातीला ठेवला तर त्याचा दुहेरी उपयोग होतो. थांबलेल्यांना काय शोधायचं ते आधी कळतं, आणि आयपीसपाशी पोचल्यावर “कुठे बघू?” यात जाणारे सेकंद वाचतात.