मूसची शिकार आणि गोळीची निवड: शिशापासून तांब्यापर्यंतची पार्श्वभूमी

अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, इकडे सप्टेंबर-ऑक्टोबर आला की मूसच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. हरणाच्या कुळातला हा सगळ्यात मोठा प्राणी, अलास्कातला मोठा नर ६००-७०० किलोपर्यंत भरतो, स्वीडनमधले त्याहून लहान असतात पण तेही काही कमी नाहीत. एका जनावराचं मटण फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने पुरतं, त्यामुळे तिथल्या खूप घरांत शिकार म्हणजे हिवाळ्याची तजवीजच आहे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ते बरंच झालं, पण त्याबरोबर गोळ्यांबद्दलची माहितीही आपल्या बोलण्यातून गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

मूस मोठा असला तरी चिवटपणात त्याचं खरं वेगळेपण आहे. फुप्फुसात नीट गोळी लागली तरी तो बऱ्याचदा दचकतही नाही, नुसता उभा राहतो, नाहीतर चार पावलं चालत दलदलीत शिरतो, आणि तिथे पडला की एवढं धूड पाण्यातून बाहेर काढणं म्हणजे सगळ्या टोळीचा दिवस गेला. जुने शिकारी तर मूस पाण्यात उभा असेल तर बारच काढत नाहीत. जाड कातडं, खांद्याची जाड हाडं आणि त्यामागे रुंद छाती, एवढं सगळं पार करून गोळी आत पोचायला पाहिजे आणि आत गेल्यावर ती पसरायलाही पाहिजे, म्हणजे जनावर लवकर मरतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात, कारण गोळी जितकी जास्त पसरते तितकी ती कमी खोल जाते.

बंदुकीच्या जुन्या, खूप धूर करणाऱ्या काळ्या दारूच्या जमान्यात हा प्रश्न एवढा टोकाचा नव्हता. मऊ शिशाची जाडजूड गोळी, वेग कमी, लागली की चपटी व्हायची आणि मोठी जखम करायची. मग १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू तयार केली, गोळ्यांचा वेग खूप वाढला, त्या वेगात उघडं शिसं नळीच्या आट्यांना (गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचांना) चिकटायला आणि खरवडून निघायला लागलं. उपाय म्हणून शिशावर कडक धातूचं कवच आलं, स्वित्झर्लंडचे एडुआर्ड रुबिन यांनी त्यावर आधीच काम केलं होतं. पण पूर्ण कवचाची बारीक गोळी जनावराच्या आरपार बारीक भोक पाडून निघून जायची आणि जनावर तसंच पळून जंगलात कुठेतरी तडफडत मरायचं.

या गोष्टीचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या दारूगोळा कारखान्यात १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी ब्रिटिश फौजेच्या .३०३ रायफलच्या गोळीचं टोक उघडं ठेवलं, म्हणजे ती लागल्यावर पसरेल. सरहद्दीवरच्या लढायांत साधी कवचाची गोळी माणसाला थांबवत नाही अशी ब्रिटिश फौजेची तक्रार होती. त्यावर बराच गदारोळ झाला आणि १८९९ च्या हेग परिषदेत पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असं जाहीर झालं. शिकारीत मात्र नियम बरोबर उलटा आहे, स्वीडनमध्ये मूसवर पूर्ण कवचाची गोळी चालतच नाही, पसरणारीच लागते. आणि ते योग्यच आहे, कारण इथे जनावराला कमीत कमी वेळ त्रास व्हावा एवढाच हेतू असतो.

स्वीडनने एक वेगळी वाटही दाखवली. १८९४ च्या सुमारास स्वीडन आणि नॉर्वे यांनी मिळून ६.५x५५ (गोळीची जाडी साधारण ६.५ मिलिमीटर, काडतुसाच्या नळकांड्याची लांबी ५५) हे लष्करी काडतूस ठरवलं, पुढे तेच शिकाऱ्यांच्या हातात आलं. आकडा बघून वाटतं की एवढ्याशा गोळीने मूस कसा पडणार, पण ती गोळी बारीक असली तरी लांब आणि जड आहे, साधारण १० ग्रॅमची, वेग बेताचा, त्यामुळे ती फुटत नाही आणि खोल जाते. या काडतुसाने स्कँडिनेव्हियात पिढ्यान्‌पिढ्या मूस मारले गेलेत. नंतरच्या नियमातही त्याची जागा राखलेली दिसते: ९ ग्रॅमच्या गोळीला १०० मीटरवर २७०० जूल ऊर्जा हवी, पण १० ग्रॅम किंवा जास्त वजन असेल तर २००० जूल पुरतात. मूसची संख्याही मधल्या काळात प्रचंड वाढली, १७८९ मध्ये राजा तिसरा गुस्ताव याने जमीनमालकांना शिकारीची मोकळीक दिल्यावर हा प्राणी संपत आला होता, आणि १९८२ मध्ये एका हंगामात पावणेदोन लाखांच्या आसपास मूस मारले गेले, कारण तोडलेल्या जंगलात उगवलेली कोवळी पाइनची झाडं हे त्यांचं आवडतं खाणं.

अमेरिकेत वेगाचं वेड जास्त होतं आणि तिथेच गाडं अडलं. १९४६ मध्ये ओरेगनचे जॉन नोस्लर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले, हातात .३०० एच अँड एच मॅग्नम काडतुसाची रायफल, म्हणजे ताकदीला काही कमी नाही. समोरच्या नराच्या अंगावर चिखलाचा थर वाळून बसला होता, त्यांच्या गोळ्या वरच फुटल्या आणि आत पोचल्याच नाहीत. परत आल्यावर नोस्लर यांनी तांब्याचा तुकडा लेथवर धरून दोन्ही बाजूंनी पोखरला, मध्ये एक आडवी भिंत ठेवली आणि दोन्हीकडे शिसं भरलं. लागल्यावर पुढचा अर्धा भाग अळंबीसारखा पसरतो, मागचा भाग भिंतीमुळे शाबूत राहून आत घुसत जातो. १९४७ मध्ये मूसवरच त्याची परीक्षा झाली, १९४८ मध्ये विक्री सुरू झाली आणि ‘पार्टिशन’ नावाची ही गोळी आजही मिळते. माझ्या मते पुढच्या सगळ्या चांगल्या गोळ्यांचं मूळ या एका फसलेल्या बारात आहे.

त्यानंतर कवच आणि शिसं एकमेकांना पक्कं जोडलेल्या गोळ्या आल्या, आणि १९८९ मध्ये बार्न्स कंपनीने शिसं पूर्ण काढून नुसत्या तांब्याची एक्स गोळी आणली. ती जवळपास फुटतच नाही, वजन बहुतेक सगळं टिकतं. त्याचा दुसरा फायदा मटणात दिसतो, शिशाच्या गोळीने मारलेल्या जनावराच्या मटणाचा एक्स-रे काढला तर जखमेपासून बऱ्याच लांबपर्यंत शिशाचे बारीक कण दिसतात, आणि हेच मटण घरातली लहान मुलं खात असतात. डेन्मार्कने २०२४ पासून रायफलच्या गोळ्यांतलं शिसं बंदच केलं.

तांबं शिशापेक्षा हलकं असतं, त्यामुळे तेवढंच वजन हवं तर गोळी लांब करावी लागते, आणि लांब गोळी स्थिर उडायला नळीतले आटे जास्त पिळाचे लागतात. जुन्या ६.५ स्वीडिश माउझर रायफलच्या नळीला १८९४ पासूनच तसा पीळ आहे, तो तेव्हाच्या लांब जड गोळीसाठी दिला होता. इतर कॅलिबरच्या (नळीच्या जाडीच्या) रायफलवाल्यांनी मात्र तांब्याची गोळी घेताना बॉक्सवरच्या वेगापेक्षा आधी आपल्या नळीचा पीळ बघावा, मग ५-६ गोळ्या कागदावर मारून भोकं किती जवळजवळ पडतात ते बघावं, आणि ती जवळ पडली तरच ती गोळी मूससाठी घ्यावी.