कागलच्या लेकीचं घर आणि ब्रांकुशीचा पक्षी

माझे मामा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तीसेक वर्षं बफिंगचं काम करत होते. नळाच्या तोट्या, समया, ट्रॉफ्या, पंपाचे पार्ट, जे येईल ते घासून चकाचक करून द्यायचं. मागच्या दिवाळीत मी त्यांना मोबाईलवर एका ब्राँझच्या शिल्पाचा फोटो दाखवला, कुणाचं काय काहीच न सांगता. लांबट, खाली एकदम बारीक, मधे भरलेलं, वर तिरकं कापल्यासारखं टोक, आणि आरशासारखी झळाळी. मामांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून दोन मिनिटं बघितला आणि म्हणाले, "हे चाकाचं काम न्हाई. चाक लावलं असतं तर ती कड मेली असती. कानस मारून, पॉलिश पेपरनं, हातानं केलंय कुणीतरी. लई दिवस लागलं असणार."

मी गप्पच झालो, कारण नेमका हाच मुद्दा जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या कोर्टात आला होता आणि शिल्पकाराने आपल्या लेखी जबानीत अगदी हेच सांगितलं होतं, की ओतकाम झाल्यावर कानस आणि अतिशय बारीक एमरी (घासायची कडक पूड) घेऊन मी स्वतः हाताने हे घडवलंय आणि हे फिनिशिंग म्हणजे सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करण्यासारखं असतं. त्या शिल्पाचं नाव 'बर्ड इन स्पेस', शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशी. (त्याच्या देशातले लोक ब्रिंकुश म्हणतात, पण आपल्याकडे ब्रांकुशी रुळलंय.) या पक्ष्याच्या गोष्टीत आपलं कागल येतं, शाहू महाराज येतात, आणि कोल्हापुरात चित्रकला शिकलेल्या पोरांनासुद्धा हे बऱ्याचदा माहीत नसतं म्हणून जरा मागे जाऊन सगळं लिहितोय.

ब्रांकुशी 1876 साली रोमानियातल्या होबित्सा नावाच्या खेड्यात जन्मला. लहानपणी मेंढरं राखायचा. त्या भागात लाकडी कोरीवकाम घराघरात, दाराच्या चौकटी, खांब, सगळ्यावर. लहान वयात घर सोडलं, क्रायोवा शहरात पोटासाठी मिळेल ते काम केलं, तिथल्याच कलाकौशल्य शाळेत शिकला, मग बुखारेस्टच्या आर्ट स्कूलला गेला. तिथे असताना त्याने एका डॉक्टरांबरोबर माणसाचं कातडी काढलेलं शरीर बनवलं, एकेक स्नायू दिसेल असं, आणि ते मेडिकलच्या मुलांना शिकवायला वापरलं गेलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण अमूर्त काम बघितलं की "हुबेहूब जमत नाही म्हणून असलं करतात" हे वाक्य आपल्याकडे हमखास येतं. या माणसाला हुबेहूब इतकं जमत होतं की त्यावर डॉक्टर तयार होत होते.

1904 ला तो पॅरिसला पोचला, बरीच वाट पायी तुडवत. 1907 मध्ये रोदँच्या स्टुडिओत काम मिळालं, आणि रोदँ म्हणजे तेव्हाचा शिल्पकलेतला सगळ्यात मोठा माणूस, पण हा थोड्याच दिवसांत बाहेर पडला. मोठ्या झाडाखाली काही उगवत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर तो थेट दगडातच कोरायला लागला, म्हणजे आधी मातीत मॉडेल करायचं, मग कारागिरांनी ते दगडात उतरवायचं, ही तेव्हाची पद्धतच त्याने सोडली. पक्ष्याचा विषय साधारण 1910 पासून सुरू होतो. रोमानियन लोककथांमध्ये मायास्त्रा नावाचा एक जादूचा पक्षी आहे, पहिला पक्षी तो. त्याला छाती आहे, चोच आहे, पाय आहेत. मग दहा-बारा वर्षं एकेक गोष्ट गळत गेली, चोच गेली, पाय गेले, पंख तर त्याला दाखवायचेच नव्हते, आणि 1923 च्या सुमाराला जे उरलं ते म्हणजे नुसती झेप. तेच रूप त्याने पुढे 1940 पर्यंत संगमरवरात आणि ब्राँझमध्ये मिळून पंधरा-सोळा वेळा केलं, प्रत्येक वेळी वळण किंचित वेगळं. आपल्या कामाला अमूर्त म्हणणाऱ्यांवर तो चिडायचा. त्याच्या मते बाहेरचा आकार म्हणजे वास्तव नव्हे, आतलं सार ते वास्तव.

आता कोर्टाची गोष्ट. 1926 मध्ये यातला एक ब्राँझचा पक्षी बोटीने न्यूयॉर्कला गेला, सोबत ब्रांकुशीची आणखी शिल्पं आणि सांभाळायला कलाकार मार्सेल द्युशाँ. पक्षी फोटोग्राफर एडवर्ड स्टायकनने विकत घेतलेला. अमेरिकेत कलाकृतीवर ड्युटी नव्हती, पण कस्टमवाल्यांनी पेटी उघडली आणि हे शिल्प नाहीच म्हणाले, त्यांनी ते स्वयंपाकघरातली भांडी आणि हॉस्पिटलचं साहित्य या सदरात टाकून 40 टक्के ड्युटी लावली. यात नुसता कस्टमवाल्यांचा अडाणीपणा नव्हता, 1916 चा एक निकाल त्यांच्या बाजूने होता, त्यात शिल्प म्हणजे निसर्गातल्या गोष्टींची, मुख्यतः माणसाच्या आकृतीची नक्कल असं धरलेलं. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात कलेची व्याख्याच 'हुबेहूब' अशी होती.

या ड्युटीविरुद्धचा खटला 1927 च्या ऑक्टोबरमध्ये उभा राहिला. न्यायाधीशांनी स्टायकनला विचारलं, की जंगलात हे दिसलं असतं तर पक्षी समजून गोळी झाडली असती का? तो नाही म्हणाला. शिल्पकार जेकब एपस्टाइनला विचारलं की एखादा चांगला मेकॅनिक पितळेची कांब घेऊन हे बनवू शकणार नाही का, त्यावर त्याचं उत्तर असं, की मेकॅनिक पॉलिश करू शकेल, पण त्याला ही कल्पना सुचणार नाही. उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला हे उत्तर जरा टोचतं. मला तरी टोचलं, कारण मामांसारख्या माणसाच्या हातात आणि नजरेत किती काय असतं ते मी लहानपणापासून बघितलंय. पण एपस्टाइन बरोबर होता हेही खरं, आणि ब्रांकुशीच्या बाबतीत तर कल्पना करणारा आणि कानस मारणारा हात एकच होता, खटला तिथेच फिरला. 26 नोव्हेंबर 1928 ला निकाल आला. कोर्टाने मान्य केलं की एक नवी कला आली आहे, ती वस्तूंची नक्कल न करता कल्पना मांडते, आपल्याला ती आवडो न आवडो ती आहे, आणि ही वस्तू पक्ष्यासारखी दिसणं अवघड असलं तरी बघायला सुंदर आहे, व्यावसायिक शिल्पकाराची स्वतःची निर्मिती आहे, म्हणून ड्युटी माफ.

आणि आता कागल. शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटग्यांचे, हे कोल्हापुरात शाळकरी पोराला पण माहीत असतं. जातीच्या भिंती पाडायच्या म्हणून महाराजांनी धनगर-मराठा लग्नांचा आग्रह धरला, इंदूरचे होळकर आणि कोल्हापूरकडची घराणी यांच्यात सोयरीक जुळवली, आणि सुरुवात दुसऱ्याच्या घरापासून न करता स्वतःच्या नात्यातून केली. कागल ज्युनियरच्या, म्हणजे घाटग्यांच्या धाकट्या पातीच्या, दत्ताजीराव घाटग्यांची मुलगी होळकरांच्या यशवंतरावांना दिली. लग्न 1924 ला लागलं तेव्हा महाराज जाऊन दोन वर्षं झाली होती. नवरा सोळाच्या आतबाहेरचा, नवरी तर अजूनच लहान, काळच तसा होता. सासरचं नाव संयोगिताराणी.

दोघंही पुढे इंग्लंडमध्ये शिकली, पॅरिसला जायला-यायला लागली. फोटोग्राफर मान रे याने या जोडप्याचे काढलेले फोटो आहेत, त्यात दोघं इतकी सहज, हसरी, एकमेकांना बिलगून बसलेली आहेत की राजेशाही फोटोंचा तो ताठपणा कुठे दिसतच नाही. मला ते फोटो फार आवडतात. इंदूरला त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन आर्किटेक्टकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, 1930 ते 33 च्या दरम्यान, आणि त्यात झुंबरं-महिरपी नाहीत, सरळ रेषा, काच, धातू, फर्निचर सगळं त्या काळातलं एकदम नवं. कागलच्या वाड्यातून निघालेली मुलगी या घराची मालकीण झाली.

लेखक आणि कलासंग्राहक आँरी-पिएर रोशे यशवंतरावांना ब्रांकुशीच्या स्टुडिओत घेऊन गेला. यशवंतराव महाराजांना पक्षी इतका भावला की एक ब्राँझचा घेतला आणि मग दोन संगमरवरी सांगितले, एक काळा एक पांढरा. ते पूर्ण व्हायला 1936 उजाडलं. तीन पक्षी म्हटल्यावर त्यांना जागा हवी, राजवाड्याच्या दिवाणखान्यात उभे करून भागणार नव्हतं, म्हणून इंदूरमध्ये एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. त्याची कल्पना अशी, की आत कुणाचा देव नाही, खिडकी नाही, वाट जमिनीखालून, मधोमध पाण्याचं चौकोनी कुंड, बाजूंना तीन पक्षी, आणि वर एक झरोका, ज्यातून ठराविक वेळी ऊन खाली येऊन सोनेरी पक्ष्यावर पडेल.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अंबाबाईचा किरणोत्सवच आठवला. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटाला मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीपर्यंत, मग चेहऱ्यावर, आणि ढग आले की अख्खी गर्दी हळहळते. ब्रांकुशीने किरणोत्सव बघितला होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण घडवलेली मूर्ती आणि सूर्य यांची भेट घडवायची, बाकी काही करायचं नाही, लोकांनी नुसतं थांबायचं, हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अमूर्त कला आपल्याला परकी, असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

1937 च्या जुलैमध्ये संयोगिताराणी स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय विशीच्या थोडंसं पुढे. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रांकुशी मंदिराच्या कामासाठी इंदूरला आला, वय साठीच्या पुढे, इतक्या लांबचा प्रवास करून. महिनाभर राहिला. पण यशवंतराव महाराज आजारपणात आणि दुःखात होते, भेटच झाली नाही, काम पुढे सरकलं नाही, आणि तो जानेवारी 1938 मध्ये परत गेला. मंदिराची एक वीटसुद्धा रचली गेली नाही.

त्याच 1938 मध्ये मात्र त्याच्या गावाजवळ तिर्गू जिउला त्याचं दुसरं मोठं काम उभं राहिलं, पहिल्या महायुद्धात गाव वाचवताना पडलेल्यांचं स्मारक, आणि त्यातला 'अनंत स्तंभ' हा आपल्या फाउंड्रीवाल्यांनी खरंच बघावा असा आहे. एकावर एक पंधरा पूर्ण मणी आणि खाली-वर अर्धे, सगळे बिडाचे ओतलेले, आतून पोलादी कण्यात ओवलेले, बाहेरून पितळेचा थर, उंची तीस मीटरला थोडी कमी, इंजिनीअर श्तेफान जॉर्जेस्कू-गोर्जान. कम्युनिस्ट राजवटीत हा खांब पाडायचा पण प्रयत्न झाला, पडला नाही. 2024 च्या जुलैत या स्मारकाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि ती बैठक भरली होती नवी दिल्लीत.

मामांना हे सगळं सांगितलं तर त्यांना खटल्यात फार रस वाटला नाही. त्यांनी विचारलं, "आणि त्या देवळातले पक्षी?"

काळा आणि पांढरा पक्षी 1973 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने घेतला, आज ते कॅनबेराला आहेत. ब्राँझचा अमेरिकेत गेला. देवळासाठी योजलेला लाकडाचा एक उंच पुतळा, 'राजांचा राजा' नावाचा, तो न्यूयॉर्कला. माणिकबागेतलं फर्निचर 1980 मध्ये लिलावात गेलं, आणि त्या राजवाड्यात पुढे सरकारी ऑफिस आलं, कस्टम आणि सेंट्रल एक्साइजचं.

मामांनी मोबाईल परत मागून घेतला आणि या वेळी त्यांनी पक्षी बघितला नाही, मान रेने काढलेला त्या दोघांचा फोटो बघितला. "ही कागलची?" म्हणाले. मी हो म्हटलं.