इंग्लंडमध्ये घर घेताना : सॉलिसिटरची निवड आणि त्यांच्याबरोबरचे काम

हे माहितीपत्रक इंग्लंडमध्ये घर घेऊ पाहणाऱ्या आमच्या सॉलिसिटर फर्मच्या मराठी ग्राहकांसाठी आहे. विसार, साठेखत, मुद्रांक शुल्क आणि मग दुय्यम निबंधकांसमोर नोंदणी हा महाराष्ट्रातील क्रम आपल्याला ठाऊक असतो. इथे मात्र खरेदीदाराला कोणत्याही निबंधक कार्यालयात जावे लागत नाही. मालकीहक्काची तपासणी, करारनामा, कर्ज देणाऱ्या बँकेशी व्यवहार, पैशांची देवघेव, कराचा भरणा आणि लँड रजिस्ट्रीतील (मालकीहक्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयातील) नोंद ही सर्व कामे तुमच्या वतीने सॉलिसिटर (वकील) किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (मालमत्ता हस्तांतराचा परवानाधारक तज्ज्ञ) करतो. (वेल्समधील कर वेगळा आहे आणि स्कॉटलंडची पद्धतच निराळी आहे, त्यांचा विचार येथे केलेला नाही.)

निवड करताना

सॉलिसिटरवर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचे आणि लायसन्स्ड कन्व्हेयन्सरवर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सचे नियंत्रण असते. दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर नाव तपासता येते आणि ते तपासावेच. त्यानंतर पहिला प्रश्न असा विचारावा की, ज्या बँकेकडून तुम्ही कर्ज घेणार आहात तिच्या पॅनेलवर, म्हणजे मान्यताप्राप्त फर्मच्या यादीत, ही फर्म आहे का; नसेल तर बँकेसाठी दुसरा वकील नेमावा लागून खर्च आणि विलंब दोन्ही वाढतात. इस्टेट एजंट बहुधा एखाद्या फर्मचे नाव सुचवतो आणि त्याबद्दल त्याला मोबदला मिळत असू शकतो. तो मोबदला तुम्हाला सांगितला गेला पाहिजे, आणि तीच फर्म घेण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर नाही.

दरपत्रकाची तुलना करताना केवळ ठळक अक्षरांतील फी पाहू नये. तिच्यावर २० टक्के व्हॅट, स्थानिक कौन्सिल, पाणी-सांडपाणी व पर्यावरण यांविषयीच्या सर्चेसचा (अधिकृत नोंदींच्या तपासणीचा) खर्च, लँड रजिस्ट्रीची फी, आणि लीजहोल्ड (ठरावीक मुदतीच्या पट्ट्याने घेतलेला) फ्लॅट किंवा नातेवाइकांकडून भेट मिळालेली रक्कम असल्यास लागणारे जादा शुल्क हे सगळे मिळवून येणारा आकडा लेखी मागावा. व्यवहार मोडला तर काय द्यावे लागेल, हेही त्यातच लिहून घ्यावे. आमच्या मते याहून महत्त्वाचा प्रश्न हा की, तुमची फाइल प्रत्यक्ष कोण हाताळणार आणि ती व्यक्ती रजेवर असताना फोनला उत्तर कोण देणार. स्वस्त दराच्या मोठ्या कार्यालयात याचे उत्तर पुष्कळदा मिळत नाही.

भारतातील मालमत्ता आणि कर

आमच्या ग्राहकांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवी आणि बहुधा शेवटी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे भारतातील घर. स्टँप ड्यूटी लँड टॅक्समधील, म्हणजे घरखरेदीवरील करातील, पहिल्या घराची सवलत मिळण्यासाठी तुमच्या नावावर जगात कोठेही, कधीही निवासी मालमत्ता आलेली नसावी. वारशाने किंवा बक्षीसपत्राने मिळालेला हिस्साही येथे मोजला जातो. दोघे मिळून खरेदी करत असतील तर ही अट दोघांनाही लागू होते. शिवाय भारतातील घर आजही नावावर असेल आणि तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा त्याहून अधिक असेल, तर सामान्यतः इथे घेत असलेल्या घराच्या संपूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागतो. पती-पत्नी एकत्र राहत असतील, तर एकाच्या नावाने खरेदी करूनही दुसऱ्याचे घर हिशेबात धरले जाते.

१ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार ४,००,००० पौंडांच्या घरावर सवलत मिळणाऱ्यास ५,००० पौंड, सवलत न मिळणाऱ्यास १०,००० पौंड आणि अधिभार लागणाऱ्यास ३०,००० पौंड कर येतो. पुण्यातील फ्लॅटचा किंवा गावच्या घरातील हिश्श्याचा उल्लेख राहून गेला, तर फरक एवढा मोठा पडतो. खरेदीपूर्वीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस ब्रिटनमध्ये वास्तव्य नसेल, तर किमतीच्या आणखी २ टक्के कर वाढतो.

पैसा कोठून आला

मनी लाँडरिंगविषयीच्या २०१७ च्या नियमांमुळे तुमच्या रकमेचा उगम तपासणे आम्हाला बंधनकारक आहे. हे प्रश्न अविश्वासातून विचारले जात नाहीत. काही महिन्यांची बँक विवरणपत्रे, मुदत ठेव मोडल्याची किंवा फ्लॅट विकल्याची कागदपत्रे लागतात. खरेदीखत मराठीत असेल, तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. आई-वडील पैसे देत असतील, तर ती रक्कम भेट आहे, कर्ज नव्हे, आणि घरात त्यांचा हक्क राहणार नाही, असे त्यांचे पत्र हवे, तसेच त्यांची ओळखपत्रे व विवरणपत्रेही हवीत. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, आणि ही मर्यादा आई व वडील यांना स्वतंत्रपणे लागू असते. रक्कम मोठी असेल, तर ३१ मार्चची तारीख डोळ्यांसमोर ठेवून आखणी करावी.

करारनाम्यापर्यंत

विक्रेत्याने तुमची ऑफर स्वीकारली, तरी करारनाम्यांची अदलाबदल, म्हणजे एक्स्चेंज, होईपर्यंत कोणताही पक्ष बांधील नसतो. विक्रेता अधिक किंमत देणाऱ्याकडे वळू शकतो, आणि तुम्हीही माघार घेऊ शकता. एक्स्चेंजच्या वेळी सामान्यतः १० टक्के रक्कम द्यावी लागते आणि त्यानंतर व्यवहार मोडल्यास ती बुडू शकते. त्यामुळे मालकीहक्क व करारनाम्याविषयीचा आमचा अहवाल पूर्ण वाचून, शंका विचारून मगच सही करावी. फ्लॅट लीजहोल्ड असेल, तर लीजची उरलेली वर्षे, सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) आणि ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचे भाडे) यांवरील भाग दोनदा वाचावा. ८० वर्षांहून कमी मुदत उरलेल्या लीजबद्दल आम्ही नेहमी सावध करतो.

सॉलिसिटर घर पाहायला जात नाही. ओल, छप्पर, भिंतींच्या भेगा हे सर्व्हेअरचे काम आहे, आणि बँकेने केलेले मूल्यांकन म्हणजे सर्व्हे नव्हे. घराचा विमा मात्र बहुधा एक्स्चेंजच्या दिवसापासूनच तुम्ही उतरवायचा असतो.

आमच्या खात्याचा तपशील बदलल्याचा ईमेल आला, तर तो खोटा समजावा आणि पैसे पाठवण्यापूर्वी आमच्या पहिल्या पत्रातील क्रमांकावर फोन करून खात्री करून घ्यावी. आम्ही खाते ईमेलने कधीही बदलत नाही.

आमच्या कामाविषयी तक्रार असेल, तर ती प्रथम आम्हाला लेखी कळवावी. आठ आठवड्यांत समाधान झाले नाही, तर लीगल ओम्बड्समनकडे, म्हणजे वकिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाता येते.

ताबा मिळाल्यावर

रक्कम विक्रेत्याच्या सॉलिसिटरकडे पोहोचली की किल्ल्या मिळतात. कराचे विवरणपत्र आणि कर १४ दिवसांत भरावा लागतो. ते काम आम्ही करतो. लँड रजिस्ट्रीतील नोंदीला मात्र काही महिनेही लागू शकतात. नोंद झाल्यावर तिची प्रत तुम्हाला पाठवली जाते. वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून पासपोर्टवर असते आणि बँकेच्या कागदांवर नसते, असे आपल्याकडे वारंवार होते. म्हणून प्रत हाती येताच नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी ताडून पाहावे आणि फरक आढळल्यास आम्हाला लगेच कळवावे.