बीटी कापसावर ग्लायफोसेट तणनाशक चालतं? नाही!

पुण्यात नोकरी करून मराठवाड्यातली, विदर्भातली कापसाची शेती फोनवरून सांभाळणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसलाय: बियाणं बीटी आहे, म्हणजे ग्लायफोसेट बिनधास्त मारा. असं करू नका, उभं पीक जाईल.

२००२ पासून मान्यता असलेल्या बीटीत जिवाणूचं क्राय जनुक असतं. ते बोंडअळीसाठी आहे. तणनाशकाशी त्याचा काहीही संबंध नाही. ग्लायफोसेट पानातून शिरून ईपीएसपीएस हे विकर (एन्झाइम) बंद पाडतं. मग तीन आवश्यक अमिनो आम्लं तयार होत नाहीत, आधी शेंडा पिवळा पडतो आणि मग झाड वाळतं. एचटीबीटीत, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या बीटी कापसात, ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या सीपी४ प्रकारातलं जनुक घातलेलं असतं. त्यापासून बनणाऱ्या विकराला ग्लायफोसेट चिकटत नाही, म्हणून झाड तगतं. झाड स्वतः तण मारत नाही, हेही लक्षात घ्या. शिवाय हे संरक्षण फक्त ग्लायफोसेटपुरतं. टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक मारलेला पंप नीट न धुता वापरला, तर एचटीबीटीचीही पानं बोटांसारखी चिरटी होतात.

एचटीबीटीला भारतात लागवडीची मान्यता नाही. बिनपावतीच्या पाकिटात काय आहे याची हमी कुणीच देत नाही आणि उगवण फसली तर भरपाई मागायलाही जागा उरत नाही.

बीटी कापसात गवतवर्गीय तण दोन ते चार पानांवर असताना क्विझालोफॉप इथाइल ५ टक्के ईसी हे तणनाशक, एकरी ४०० मिली, २०० लिटर पाण्यातून फवारा. जमिनीत ओल हवीच. रुंद पानांचं तण याने मरत नाही. तिथे कोळपणी, खुरपणी करा.