चुन्याच्या हौदातलं पाणी का उकळतं? उष्णतेचा हिशेब

कळीच्या चुन्याचे खडे पाण्यात पडले की आधी फसफस, मग वाफ, आणि थोड्याच वेळात हौद खदखदू लागतो. खाली जाळ नसताना ही उष्णता येते कुठून, आणि किती? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर काढता येतं.

अभिक्रिया साधी आहे: कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, अधिक पाणी; तयार होतो कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरी गेलेला चुना. प्रत्येक संयुग त्याच्या मूलद्रव्यांपासून बनताना किती ऊर्जा सुटते, त्याचे तक्ते मिळतात. या आकड्याला निर्मिती एन्थाल्पी म्हणतात. दर मोलला (मोल हे रसायनशास्त्रात पदार्थ मोजायचं एकक, रेणूंची ठरावीक संख्या) कळीच्या चुन्याची उणे 635.1 किलोजूल, द्रव पाण्याची उणे 285.8 आणि विरी गेलेल्या चुन्याची उणे 986.1. तयार झालेल्याच्या आकड्यातून वापरलेल्यांची बेरीज वजा करायची: उणे 986.1 मधून उणे 920.9 वजा केले की उरतात उणे 65.2. उणे चिन्हाचा अर्थ, उष्णता बाहेर पडली.

गुणाकार-भागाकारात फारसं कुणी चुकत नाही. चूक होते ती तक्त्याची ओळ निवडताना. पाण्याचे तिथे दोन आकडे असतात, द्रवाचा आणि वाफेचा. वाफेचा उणे 241.8 चुकून उचलला, तर उत्तर येतं उणे 109.2, म्हणजे 44 किलोजूलचा फरक. हे 44 म्हणजे 25 अंशांना एक मोल पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता. म्हणून समीकरणात प्रत्येक पदार्थाची अवस्था लिहायची सवय लावून घ्यावी. परीक्षक उगाच गुण कापत नाहीत.

आता हौदाकडे. एक मोल कळीचा चुना 56 ग्रॅमचा, तेव्हा एका किलोत साधारण 17.9 मोल आणि सुटणारी उष्णता सुमारे 1164 किलोजूल. एक लिटर पाणी 30 अंशांवरून 100 वर न्यायला 293 किलोजूल लागतात. तयार झालेला चुनाही तापतो, त्यात सुमारे 110 जातात. उरलेल्यात साडेतीन लिटर पाणी उकळीला येतं. अभिक्रियेला मात्र एका किलोमागे जेमतेम 320 ग्रॅम पाणी पुरतं. म्हणूनच चुना पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. थोडंसं पाणी ओतलं की उष्णता वाटून घ्यायला पाणीच उरत नाही; त्याची एकदम वाफ होते आणि तीव्र अल्कधर्मी चुना तोंडावर उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच.

प्रयोग करून पाहायचा तर एकात एक बसवलेले दोन थर्माकोलचे पेले आणि झाकण पुरे. 100 ग्रॅम पाणी, 5.6 ग्रॅम बारीक केलेला कळीचा चुना, म्हणजे 0.1 मोल. सुटणार 6520 जूल. पेल्यातल्या मिश्रणाला एक अंश चढायला साधारण 419 जूल लागतात, म्हणून वाढ साडेपंधरा अंशांची हवी: 28 चे साडेत्रेचाळीस.

प्रत्यक्षात कमीच येते. समजा 12 अंश आली, तर 12 गुणिले 419 म्हणजे 5028 जूल. मोलला 50 किलोजूल. पहिला संशयित चुनाच. उघड्या डब्यातला चुना हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन आधीच अर्धामुर्धा विरलेला असतो. वजन 5.6 ग्रॅम भरतं, पण त्यातला कॅल्शियम ऑक्साइड कमी. दुसरं कारण भांडं. थर्माकोलऐवजी 100 ग्रॅमचा काचेचा बीकर घेतलात, तर तो प्रत्येक अंशामागे 84 जूल स्वतःच गिळतो. तिसरं, वेळ. भट्टीत जास्त भाजलेला चुना संथपणे भिजतो, तोवर पेला निवत राहतो. त्यावर उपाय आहे: दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपा, आलेख काढा आणि उतरती रेघ मागे, चुना टाकला त्या क्षणापर्यंत वाढवा. तिथे जे तापमान दिसेल ते धरा.

मुळात ही उष्णता चुन्यात आली भट्टीतून. चुनखडी फुटून चुना आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे होताना मोलला 178.3 किलोजूल आत जातात. दगड सुमारे 900 अंशांपर्यंत तापवण्याचं सरपण वेगळंच. भिजवताना त्यातले 65.2 परत मिळतात. मग 113.1 कुठे गेले? विरी गेलेला चुना भिंतीच्या गिलाव्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो आणि पाणी सोडतो; त्या अभिक्रियेची एन्थाल्पी उणे 113.1. तिन्हींची बेरीज बरोबर शून्य. वाट कोणतीही असो, आरंभ आणि शेवट तेच असतील तर एकूण उष्णता तीच, हा नियम हेस या रसायनशास्त्रज्ञाने रशियात 1840 मध्ये मांडला.

हौदापेक्षा जास्त उष्णता भिंतीवर सुटते, तरी गिलाव्याला हात लावून ती कळत नाही. हौदातलं काम मिनिटांत उरकतं. भिंतीतला चुना मात्र हवा आत झिरपेल तसा, महिनोन्महिने दगड होत राहतो.