दोन्हीकडून चमकणारी तबकडी

ज्वारी दाण्यावर आली की घाटंजी तालुक्यातल्या आमच्या शेतात अजूनही जुन्या सीड्या टांगतात. दोन बांबूंमध्ये सुतळी बांधायची आणि तिला हातभर अंतरावर एकेक तबकडी लटकवायची. वाऱ्यानं ती फिरली की उन्हाची तिरीप पाखरांच्या डोळ्यांवर जाते. पाखरं चार दिवस बिचकतात आणि पाचव्या दिवशी त्याच सुतळीवर येऊन बसतात, पण तो विषय वेगळा. यंदा पुतण्यानं ढिगातून एक तबकडी उचलली आणि उलटसुलट करून पाहत राहिला. "काका, हिच्यावर तं कोन्याच बाजूनं चित्र नाही. मंग हे लावत कशी होते तुमी?"

वीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या बाजारात माझ्या मावसभावाचं सीड्या भाड्यानं देण्याचं दुकान होतं. तिथंही हाच प्रश्न यायचा. ती दोन्ही बाजूंनी लावता येणारी डीव्हीडी, म्हणून चित्राला जागाच नसे. अशी तबकडी शंभरात एखादीच असायची आणि गिऱ्हाईक हमखास ती परत आणायचं, "डुप्लिकेट दिली" म्हणून. वरची बाजू कोणती हे कळण्यासाठी मधल्या भोकाभोवती मुंगीएवढ्या अक्षरांची एक गोल ओळ छापलेली असे. सीडीवर नटनटीचा फोटो बघायची सवय लागलेल्या डोळ्यांना ती दिसत नसे.

मला मात्र त्या वेळी पडलेला प्रश्न निराळा होता. ग्रामोफोनच्या तव्याला दोन्ही बाजूंनी गाणी असायची आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. मग सीडी एकाच बाजूची का, आणि दोन्ही बाजूंची तबकडी निघाली तेव्हा ती इतकी दुर्मीळ का राहिली?

तव्यापासूनच सुरुवात करायला हवी, कारण तो आपल्या मुलखाला जवळचा. एमिल बर्लिनर यांनी १८८७मध्ये सपाट तबकडीचा ग्रामोफोन आणला आणि पुढे बरीच दशकं तवे लाखेचे बनत गेले. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर पोसणाऱ्या किड्याचा राळेसारखा स्राव. गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीपट्टीत ती पिढ्यान्पिढ्या खरवडली जाते. गोंदिया हे नावच मुळी डिंक आणि लाख विकायला येणाऱ्या गोंड लोकांवरून पडलं असं तिकडे सांगतात. तव्याच्या लगद्यात लाखेबरोबर दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचा बारीक तंतूही जात असे. म्हणजे पळस आणि कापूस, विदर्भाच्या दोन्ही टोकांचा माल एका तव्यात. आमच्याच भागातली लाख त्यात गेली असा दावा मी करत नाही, कारण लाखेचा मोठा पुरवठा छोटा नागपूरकडून होई. तवे दाबण्याचा कारखाना ग्रामोफोन कंपनीनं १९०८मध्ये कोलकात्यात उभा केला.

सुरुवातीचे तवे एकाच बाजूचे होते. १९०४मध्ये जर्मनीच्या ओडिऑन कंपनीनं दोन्ही बाजूंचा तवा बाजारात आणला आणि काही वर्षांत तोच रिवाज झाला. कारागिरीच्या दृष्टीनं त्यात अवघड काही नव्हतं. वर एक ठसा, खाली एक ठसा, मध्ये गरम लगद्याचा गोळा. पापड दाबावा तसा दाबला की एका फटक्यात दोन्ही बाजू उठतात. सुई वरून पृष्ठभागावर चालते, तिला खालच्या बाजूचं देणंघेणं नाही.

प्रकाशानं वाचायच्या तबकडीत नेमकं हेच जमत नाही. लेझरचा किरण पृष्ठभागावर थांबत नाही. तो पारदर्शक प्लॅस्टिकमधून आत शिरतो, पलीकडच्या अंगावरच्या सूक्ष्म खड्ड्यांवर पडतो आणि तिथल्या ॲल्युमिनियमच्या आरशावरून परत येतो. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. सीडीच्या खालच्या अंगावर किरण शिरतो तेव्हा त्याचा ठिपका पाऊण मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो आणि आत खड्ड्यांपाशी पोचेपर्यंत तो जेमतेम दोन मायक्रॉनचा होतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यामुळे वरवरची धूळ आणि बारीक ओरखडे त्याला दिसतच नाहीत. खिडकीच्या जाळीला डोळा लावून रस्ता पाहिला की जाळी दिसेनाशी होते, तसंच हे. आता समजा, एकाच चकतीच्या दोन्ही अंगांवर खड्डे उठवले आणि दोन्हीकडे आरसा चढवला. किरण आत शिरणार कुठून? खालच्या बाजूचा आरसा वरच्या बाजूची वाट अडवतो. तव्यासारखी एका दाबात दोन्ही बाजूंची तबकडी निघत नाही, ती या एका कारणामुळे. दोन वेगळ्या चकत्या काढायच्या आणि त्या पाठीला पाठ लावून चिकटवायच्या, हाच मार्ग उरतो.

हा मार्ग पहिल्यांदा धरला तो लेझरडिस्कनं. फिलिप्सनं १९७२मध्ये तिचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि डिसेंबर १९७८मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरात ती 'डिस्कोव्हिजन' या नावानं विक्रीला आली. ३० सेंटिमीटर व्यासाची, घरच्या थाळीएवढी. अॅक्रिलिकच्या दोन चकत्या, मध्ये गोंद, एका बाजूला जास्तीत जास्त तासाभराचं चित्रण. अॅक्रिलिक दिसायला काचेसारखं नितळ, पण ते ओल शोषतं. ती ओल आणि गोंदातले घटक ॲल्युमिनियमपर्यंत पोचले की आरसा आतल्या आत गंजतो आणि पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडू लागतो. शौकिनांनी या रोगाला 'लेझर रॉट' म्हणजे लेझरची कूज असं नाव दिलं. कॅलिफोर्नियातल्या कार्सन इथल्या सुरुवातीच्या कारखान्यात तर धुळीमुळेच ढीगभर माल वाया जात असे. दोन्ही बाजूंची तबकडी अशी बदनामी घेऊनच जन्मली, हे पुढचं समजून घ्यायला उपयोगी पडतं.

सीडीच्या जन्मदात्यांनी म्हणूनच असेल, किंवा एका बाजूवर तासाभराचं संगीत बसतच होतं म्हणून असेल, एकाच चकतीवर भागवलं. १७ ऑगस्ट १९८२ रोजी हॅनोव्हरजवळच्या लांगेनहागेन इथं पॉलिग्राम या संगीत कंपनीच्या कारखान्यात सीड्या निघू लागल्या. व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. अॅक्रिलिक गेलं आणि पॉलिकार्बोनेट हे दुसरं प्लॅस्टिक आलं. ते १९५३मध्ये जर्मनीत बायरच्या हेर्मान श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी जवळजवळ एकाच वेळी, एकमेकांचा पत्ता नसताना बनवलं होतं. ओल कमी शोषणारं, चिवट, आणि १४५ अंशांच्या पुढे गेल्याशिवाय मऊ न पडणारं. चंद्रपूरचा मे महिनासुद्धा त्याला वितळवू शकत नाही, वाकवतो मात्र.

तबकडी ओतायची पद्धत आपल्याला अगदी परकी नाही. ठिबकच्या नळीचे जोड, फवारणीच्या पंपाचं नोझल ज्या इंजेक्शन मोल्डिंगनं निघतं त्याच जातीचं हे मशीन. प्लॅस्टिकचा दाणा हॉपरमध्ये टाकायचा, फिरत्या स्क्रूनं तो पुढे ढकलत वितळवायचा, डायमध्ये म्हणजे साच्यात जोरानं सोडायचा, थंड होताच बाहेर. फरक आहे तो साच्याच्या नजाकतीचा. नोझलमध्ये केसाएवढा फरक चालून जातो. इथं खड्ड्याची रुंदी अर्धा मायक्रॉन आणि खोली मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि असे कोट्यवधी खड्डे गोल गोल फिरत जाणाऱ्या एका सलग रेषेत. सीडीवरची ती रेषा उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर भरते. आमच्या गावापासून पक्क्या रस्त्याच्या फाट्यापर्यंत जाईल एवढी.

हे खड्डे साच्यात येतात कसे, ती गोष्ट थेट बर्लिनरच्या काळातली. घासून नितळ केलेल्या काचेवर प्रकाशाला संवेदनशील लेप देतात, त्यावर लेझरनं मजकूर उठवतात, मग धातूची पातळ साय चढवून निकेलच्या आंघोळीत ठेवतात. विजेनं निकेलचा थर जमतो तो 'फादर', त्याच्यावरून 'मदर', आणि मदरवरून डायमध्ये बसवायचे ठसे, म्हणजे स्टँपर. तवेवाल्यांची ही नावं सीडीवाल्यांनी जशीच्या तशी उचलली. स्टँपर जेमतेम ०.३ मिलिमीटर जाड. तो डायच्या एका अंगाला बसवायचा, दुसरं अंग आरशासारखं गुळगुळीत ठेवायचं.

दाणा आधी १२० अंशांवर काही तास वाळवावा लागतो. त्यात ओल राहिली की वितळताना पॉलिकार्बोनेटची साखळी तुटते आणि चकतीत चांदीसारखे फराटे उमटतात. मग ३०० अंशांच्या वर वितळलेला रस मधून आत सोडतात आणि तो कडेपर्यंत गोल पसरतो. इथं घाई आणि धीर दोन्ही एकदम लागतात. रस कडेला पोचायच्या आधी गोठला तर बाहेरचे खड्डे अर्धवट उठतात. जास्त जोर लावला तर प्लॅस्टिकमध्ये ताण अडकून राहतो आणि किरण त्यातून जाताना फाटतो. म्हणून डाय आधी किंचित उघडी ठेवून रस भरतात आणि नंतर दाबून बंद करतात. हे सगळं आता चार-पाच सेकंदांत उरकतं.

दोन चकत्यांची कल्पना परत आली ती डीव्हीडीच्या वेळी. १९९५मध्ये दोन तट पडले होते. सोनी-फिलिप्सचा आग्रह सीडीसारख्या एकाच १.२ मिलिमीटरच्या चकतीचा, तर तोशिबा आणि वॉर्नरच्या गोटाला ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या हव्या होत्या. संगणक कंपन्यांनी 'एकच काय ते ठरवा' असा तगादा लावल्यावर तडजोड झाली आणि तबकडीच्या बांधणीत तोशिबाचा शब्द राहिला. माझ्या मते ते योग्यच झालं. मजकूर दाट भरायचा तर किरण जास्त तीव्र कोनात एकवटावा लागतो, आणि प्लॅस्टिक जाड असलं की तबकडीच्या जराशा कलण्यानंही तो विस्कटतो. पातळ चकतीत ते कमी होतं. शिवाय एकटी चकती ओलीनं किंवा उष्णतेनं एका अंगाला वाकते. दोन सारख्या चकत्या पाठीला पाठ लावल्या की एकीची ओढ दुसरी सावरते.

एक गोष्ट दुकान चालवणाऱ्या मावसभावालाही कधी कळली नव्हती. एका बाजूची म्हणून विकली जाणारी डीव्हीडीही खरं तर दोन चकत्यांचीच असते. एकीवर मजकूर, दुसरी कोरी. चित्र छापतात ते त्या कोऱ्या चकतीच्या पाठीवर. एका बाजूची डीव्हीडी ४.७ जीबीची, आणि कोरीच्या जागी मजकुराची चकती लावली की ९.४ जीबी. बाकी जाडी, व्यास, वजन सगळं तेच.

मग अडलं कुठं? पहिली अडचण गोंदाची. कोरी चकती पारदर्शक असते, म्हणून मध्ये पातळ गोंद पसरून वरून अतिनील दिवा मारला की तो झटकन कडक होतो. दोन्हीकडे आरसा असला की दिव्याचा उजेड गोंदापर्यंत धड पोचत नाही. सुरुवातीला त्यावर रोलरनं गरम गोंद लावण्याचा तोडगा होता. नंतर असे गोंद आले की त्यांना आधी उजेड दाखवायचा आणि ते घट्ट होण्याआधी चकत्या जोडायच्या. दुसरी अडचण अशी की दोन मशीनमधून निघालेल्या दोन चकत्या एकाच तापमानाला, एकसारख्या वाकाच्या हव्यात, आणि जोडताना मधली भोकं तंतोतंत जुळायला हवीत. दोन्हींपैकी एक जरी नासली तरी अख्खी तबकडी भंगारात. प्रत्येक बाजूला दोन थर असलेली १७ जीबीची तबकडी काढताना तर हा वैताग दुप्पट झाला आणि फार थोड्यांनी तो पत्करला.

तिसरी अडचण माणसांची होती, आणि माझ्या लेखी सर्वांत मोठी तीच. दोन्ही बाजू वाचायच्या म्हणजे दोन्ही जपायच्या. आमच्याकडे तबकडी टेबलावर पडायची, गादीखाली जायची, कुणी तिच्यावर चहाचा कप ठेवायचं. चित्र नाही म्हणून ओळख नाही, ओळख नाही म्हणून विश्वास नाही. एक मात्र होतं. मध्यंतराला उठून तबकडी उलटी करायला आपल्याकडे कुणी कुरकुर केली नसती. दोन व्हीसीड्यांचा पिक्चर पाहताना आम्ही तेच करत होतो, आणि तेवढ्यात लाईन गेली नाही तर नशीब.

२००० सालानंतरची ती वर्षं खरं तर व्हीसीडीचीच. वडसा-देसाईगंजकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांच्या, वऱ्हाडी विनोदाच्या, भजनांच्या तबकड्या आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेल्या असत. नागपूरला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या सीड्यांचे ढीग लागत. हे सगळं एका बाजूचं, कारण स्वस्त तेच. १९८३मध्ये स्थापन झालेली आणि पुढे फ्लॉपी बनवू लागलेली मोझर बेअर ही कंपनी १९९९नंतर कोऱ्या सीड्यांमध्ये जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक झाली होती. पुढे तिनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढली आणि भाड्याच्या दुकानांचा कणाच मोडला. विकतच एवढ्यात मिळू लागल्यावर भाड्यानं कोण नेणार? थोड्याच वर्षांत मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं आणि विकणाऱ्यांचीही तीच गत झाली. मोझर बेअर २०१८मध्ये दिवाळखोरीत निघाली. मावसभाऊ त्याच्या आधीच किराण्याकडे वळला होता.

बाहेर दोन्ही बाजूंचे आणखी काही प्रयोग झाले. २००४च्या सुमारास अमेरिकेत एका अंगाला सीडी आणि दुसऱ्या अंगाला डीव्हीडी अशी 'ड्युअलडिस्क' निघाली. एकूण जाडी १.५ मिलिमीटरमध्ये बसवण्यासाठी सीडीचा थर ०.९ मिलिमीटरवर आणला, त्यामुळे ती सीडीच्या नियमात बसेना आणि काही प्लेअरमध्ये चालेना. सोनी आणि पॅनासॉनिकनं २०१४मध्ये जाहीर केलेली 'आर्काइव्हल डिस्क' मात्र दोन्ही बाजूंचीच, प्रत्येक बाजूला तीन थर, एकूण ३०० जीबी. ती संस्थांच्या साठवणीसाठी पेटीत बंद राहणार होती. तिला ना हात लागणार, ना तिच्यावर कुणाचा फोटो हवा.

आमच्या ज्वारीतल्या सुतळीवर दोन पावसाळे काढलेल्या तबकड्या आहेत. सीड्यांचा आरसा वरच्या लेपासकट सोलून निघाला आहे आणि त्या काचेसारख्या आरपार झाल्या आहेत, कारण त्यांचा धातू चित्राच्या अगदी खाली, उघड्यावरच असतो. डीव्हीड्यांचा दोन चकत्यांच्या मध्ये असल्यानं अजून चमकतो. पुतण्यानं ती बिनचित्राची तबकडी धुऱ्यावरच्या बांबूला सर्वांत वर बांधली. दोन्हीकडून चमकते म्हणून. तिच्या शेजारची एक डीव्हीडी कडेनं उकलली आहे. तिची एक चकती आरशाची आणि दुसरी कोरी, वाऱ्यावर एकमेकींवर टकटक आपटतात, आणि पाखरं त्या आवाजालाच जास्त बिचकतात.