औनोर, नोरा

औनोर, नोरा : (२१ मे १९५३ – १६ एप्रिल २०२५). फिलिपिनो चित्रपट अभिनेत्री, गायिका व निर्माती. मूळ नाव नोरा काबाल्तेरा व्हिलामायॉर. जन्म बिकोल प्रदेशातील इरिगा येथे, गरीब कुटुंबात. लहानपणी ती तेथील रेल्वे स्थानकावर प्रवाशांना पाणी विकत असे. १९६७ मध्ये ‘तावाग नांग तांघालान’ ही गायनस्पर्धा जिंकल्यावर ‘साम्पागिता पिक्चर्स’ या चित्रपटसंस्थेने तिला करारबद्ध केले. गोऱ्या, मिश्रवंशीय नायिकांच्या त्या काळात ठेंगण्या, सावळ्या नोराला मिळालेली अफाट लोकप्रियता हा फिलिपिनो चित्रपटसृष्टीतील सौंदर्यकल्पनेलाच बसलेला धक्का होता. अभिनेता तिर्सो क्रूझ तिसरा याच्यासोबतची तिची जोडी ‘गाय (Guy) आणि पिप’ या दोघांच्या टोपणनावांनी गाजली.

गंभीर अभिनेत्री म्हणून तिची सुरुवात नेमकी कधी धरावी, याविषयी मतभेद आहेत. सर्वसाधारण मांडणीत तिच्या घडणीचे श्रेय लिनो ब्रोका व इश्माएल बेर्नाल या दिग्दर्शकांना दिले जाते. तथापि तिने स्वतःच्या ‘एन. व्ही. प्रॉडक्शन्स’ या संस्थेतर्फे १९७५ मध्येच ज्येष्ठ दिग्दर्शक हेरार्दो दे लेओन यांच्याकडून ‘बनावे’ करून घेतला होता. पुढच्याच वर्षीचा मारिओ ओ’हारादिग्दर्शित ‘तात्लाँग ताओंग वालांग दियोस’ हाही तिचीच निर्मिती. जपानी अंमलाखालील गावातली शिक्षिका रोसारिओ, तिच्यावर बलात्कार करणारा जपानी सैन्यातील अधिकारी आणि पुढे त्याच्याशीच जुळलेला तिचा संसार, हे कथानक त्या काळी बाजाराच्या हिशेबात बसणारे नव्हते. गानतारकेने असा विषय आपल्या पैशाने पडद्यावर आणावा, यावरून तिच्या घडणीचा आरंभ १९७५-७६ च्या सुमारास व मुख्यतः तिच्याच निर्णयातून झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. रोसारिओच्या भूमिकेसाठी तिला १९७७ मध्ये चित्रपट समीक्षकांच्या पहिल्या ‘गावाद उरियान’ पुरस्कार समारंभात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ब्रोका यांचा ‘बोना’ (१९८०) हाही तिच्याच संस्थेचा चित्रपट होय.

तिच्या अभिनयाचे मर्म डोळ्यांत व मौनात आहे. ‘बोना’मध्ये एका दुय्यम नटाच्या भक्तीपायी घर सोडून आलेली मुलगी झोपडपट्टीत त्याच्यासाठी पाणी वाहते, तापवते, त्याला आंघोळ घालते. तिचा चेहरा बराच काळ फारसे काही सांगत नाही. अखेरीस तेच उकळते पाणी ती त्याच्या अंगावर ओतते, तेव्हा आधीच्या प्रत्येक घागरीचा अर्थ बदलतो. लाखो चाहत्यांच्या भक्तीचा विषय असलेल्या नटीने चाहतीची ही भूमिका करणे, हे धैर्याचेच होते.

‘हिमाला’ (१९८२, दिग्दर्शक बेर्नाल, लेखक रिकी ली) मधील, मेरीमातेचे दर्शन झाल्याचा दावा करणारी खेड्यातली तरुणी एल्सा ही तिची सर्वश्रेष्ठ भूमिका मानली जाते. इलोकोसच्या रखरखीत माळावर, हजारोंच्या जमावासमोर एल्सा चमत्कार नाकारते, तो शेवटचा प्रसंग विशेष प्रसिद्ध आहे. कथेचे मूळ १९६० च्या दशकात काब्रा बेटावर झालेल्या मेरीदर्शनाच्या दाव्यांत असावे, असे सामान्यतः मानतात. पटकथेत मात्र त्या घटनेचा केवळ धागा उरला आहे. १९८३ च्या बर्लिन महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता.

पुढील काळातील ‘द फ्लोर काँतेम्प्लासिओन स्टोरी’ (१९९५) या सिंगापूरमध्ये फाशी गेलेल्या मोलकरणीवरील चित्रपटासाठी तिला कैरो महोत्सवात पुरस्कार लाभला. २०१० मधील एका शस्त्रक्रियेनंतर तिचा गाता गळा गेला. अभिनय मात्र थांबला नाही. ब्रिलांते मेंदोझा यांच्या ‘दाय वूम्ब’ (२०१२) मध्ये तिने तावी-तावी बेटांवरील निपुत्रिक सुईण साकारली; त्यासाठी तिला २०१३ चा आशियाई चित्रपट पुरस्कार मिळाला. रंगभूमी व दूरचित्रवाणीवरही तिने काम केले.

‘राष्ट्रीय कलावंत’ या सन्मानासाठी २०१४ मध्ये तिची शिफारस झाली होती. पण तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो तिसरे यांनी अमेरिकेतील एका जुन्या अंमली पदार्थ प्रकरणाचा दाखला देत तिचे नाव वगळले. कलावंतांनी त्याचा तीव्र निषेध केला, तो रास्तच होता. २०१८ मध्येही ती डावलली गेली. अखेर जून २०२२ मध्ये हा सन्मान तिला देण्यात आला. मॅनिला परिसरातील ‘लिबिंगान नांग मगा बायानी’ या राष्ट्रीय दफनभूमीत तिचे शासकीय इतमामात दफन झाले.